मातीला कल्हई कोण लावणार?

दिवाळी आठ दिवसांवर आली, की घरोघरी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात. चिंच, मीठ आणि राख यांच्या माऱ्याने घंगाळ, ताम्हन, पंचपात्री, समई अशी सारी मंडळी पुन्हा उजळून निघतात. नाशिक तर या भांड्यांचे माहेरघरच. गोदाकाठचा भांडी बाजार आणि तांबटांच्या हातोड्यांचा ठोका यांवाचून जुन्या नाशिकचे वर्णन पुरे होत नाही. या गावातील कोणाही वृद्ध गृहिणीला विचारा, की बिनकल्हईच्या तांब्याच्या पातेल्यात ताक का ठेवू नये? ती एका शब्दात उत्तर देईल : कळकते!

या एका क्रियापदात रसायनशास्त्राचा एक आख्खा धडा सामावला आहे. आंबट पदार्थाची आणि तांब्याची गाठ पडली, की तांबे विरघळते, पदार्थाला हिरवट छटा आणि ओशट चव येते, आणि तो पोटात गेला की मळमळ, उलट्या ठरलेल्या. म्हणून आपल्याकडे दारोदार कल्हईवाला फिरत असे. तांबे पवित्र आहे हे आमच्या आजीला मान्यच होते. पूजेच्या आचमनाला तिला तांब्याचीच पळी लागे. पण पवित्र आणि निरुपद्रवी हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, असा घोटाळा तिने कधी केला नाही. कोणत्या भांड्यात काय ठेवावे आणि किती वेळ ठेवावे, याचा विवेक तिच्यापाशी होता.

तो विवेक आज आम्ही गमावला आहे. भांड्यात आता काही कळकत नाही, कारण स्वयंपाकघरात पोलादाचे राज्य आले. कळकते आहे ती द्राक्षबागेतील माती आणि नदीच्या तळाचा गाळ. आणि या कळकण्याबद्दल कोणी चार शब्द बोलू लागला, की त्याच्या तोंडावर एक नवीन मंत्र फेकला जातो : "काळजी कशाला करता? आता धातू खाणारे जीवाणू निघाले आहेत!" या मंत्राचा समाचार घेण्यासाठीच हा लेख.

प्रथम त्या बिचाऱ्या जीवाणूंना न्याय देऊ या. कारण त्यांचा यात काडीचाही अपराध नाही. झाडाच्या मुळांत, खोडांत, पानांत, इतकेच काय पण बियांतसुद्धा असंख्य जीवाणू आणि बुरश्या सुखाने नांदत असतात. ते झाडाला रोग करीत नाहीत. घरात एखादा दूरचा आतेभाऊ शिकायला येऊन राहावा, तसे ते राहतात, आणि चांगल्या आतेभावाप्रमाणे घरातली चार कामेही करतात. आन्टोन द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ साली अशा अंतर्वासी जीवांची नोंद केली. आता सृष्टीत काही झाडे अशी आहेत, की ती विषारी धातू मुळांवाटे ओढून घेऊन अंगात साठवतात आणि तरीही टवटवीत राहतात. न्यू कॅलेडोनिया बेटावर एका झाडाच्या खोडाला चीर दिली, तर निळसर हिरवा चीक गळतो. १९७६ साली तो तपासला गेला, तेव्हा सुकलेल्या चिकात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा निकेल निघाले! झाड कसले, ती खाणच म्हणायची.

अशा झाडाच्या पोटात राहणाऱ्या जीवाणूला त्या विषात जगण्याची विद्या अवगत असावीच लागते. ऑस्ट्रियात निकेल साठवणाऱ्या एका रानफुलाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या झाडाच्या आतून काढलेले जीवाणू त्याच्या मुळाभोवतीच्या मातीतील जीवाणूंपेक्षा निकेलला अधिक दाद न देणारे निघाले. ते ही किमया कशी करतात? कोणी आपल्या पेशीच्या आवरणात लहान लहान पंप बसवून आत शिरलेला धातू बाहेर उपसतो. कोणी त्याला आवरणावरच चिकटवून ठेवतो. कोणी विशिष्ट प्रथिनांच्या मुठीत तो घट्ट आवळून धरतो. काही जीवाणू याच्याही पुढे जाऊन यजमान झाडाला मदत करतात : झाड संकटात सापडले की त्याच्या अंगात इथिलीन वायू वाढतो आणि मुळांची वाढ खुंटते, हे जीवाणू त्या वायूचा कच्चा मालच फस्त करून टाकतात, आणि मुळे पुन्हा वाढू लागतात.

फार लांब जायलाही नको. लहान मुले बोट लावून जिला मिटवतात, त्या लाजाळूच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत राहणाऱ्या जीवाणूंपैकी एकाच्या गोत्राचे नाव आहे क्युप्रियाव्हिडस; लॅटिन भाषेत त्याचा अर्थ तांब्याचा लोभी. तैवानमध्ये हा जीवाणू लाजाळूच्या गाठींतून वेगळा काढण्यात आला. पुढे २००८ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले, की गाठी असलेली लाजाळू गाठी नसलेल्या लाजाळूपेक्षा शिसे, तांबे आणि कॅडमियम अधिक शोषते, आणि त्यातील बराचसा भाग मुळांतच राहतो. परसदारी उगवणाऱ्या एका काटेरी झुडपाच्या पायाशी केवढे शास्त्र लपले आहे! हे वाचून ज्याला आनंद होणार नाही, तो करंटा.

इथवर सारे ठीक. पण शास्त्रज्ञ "सहन करतो" म्हणाले की व्यापारी "खातो" असे छापतो, आणि पुढारी "नष्ट करतो" असे भाषणात सांगतो. तीन क्रियापदांच्या या प्रवासात सत्याचा केव्हाच प्राण गेलेला असतो.

वाचकहो, येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सांडपाण्यातील मैला, खरकटे, पालापाचोळा यांना जीवाणू खरोखरच खातात. त्यांचे पाणी आणि वायू करून टाकतात, आणि घाण उरत नाही. धातूचे तसे नाही. तांबे हे मूलद्रव्य आहे, शिसे मूलद्रव्य आहे, कॅडमियम मूलद्रव्य आहे. जगातील कोणत्याही जीवाणूच्या पोटात ती भट्टी नाही, जी मूलद्रव्याचा नाश करील. जीवाणू फार तर धातूची जागा बदलतो किंवा रूप बदलतो. विषारी क्रोमियमचे कमी विषारी क्रोमियम करणारे जीवाणू आहेत. हा उपकार खराच. पण पाऱ्याच्या क्षारांची वाफ करून ती हवेत सोडणारेही आहेत. ही सफाई म्हणावी, तर आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणाऱ्या गृहस्थालाही स्वच्छतेचे पारितोषिक द्यावे लागेल!

आता आपल्या बागेत येऊ. १९२५ च्या सुमारास ओझरला ज्या द्राक्षशेतीची मुहूर्तमेढ रोवली गेली, तिच्या वेलीने पुढे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत असा सारा मुलूख व्यापला आणि नाशिकचे नाव सातासमुद्रापलीकडे नेले. या वेलीचा हाडवैरी म्हणजे डावणी, अर्थात केवडा रोग. त्यावर उतारा सापडला फ्रान्समधील बोर्दो भागात. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत, म्हणून तेथील बागाईतदार त्यांच्यावर मोरचूद आणि चुना यांचे निळे पाणी शिंपडीत. पिएर मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने १८८२ साली पाहिले, की चोरांसाठी रंगवलेल्या वेलींवरच पाने शाबूत आहेत! १८८५ साली त्याने तो तोडगा जगापुढे मांडला. तेच आपले बोर्डो मिश्रण.

या मिश्रणाची कीर्ती अशी, की सेंद्रिय शेतीच्या कडक नियमांतही त्याला जागा आहे. साहजिकच "सेंद्रियात चालते, म्हणजे कितीही चालते" असा समज पसरला. थोडा हिशेब करू या. एक टक्क्याच्या मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद लागते, आणि मोरचुदाच्या वजनात चौथाई तांबे असते. समजा, एका एकराला चारशे लिटर फवारा गेला. म्हणजे चार किलो मोरचूद, म्हणजेच एक किलो तांबे. पावसाळ्यात असे पाच फवारे झाले, तर वर्षाला पाच किलो. बाग वीस वर्षे टिकली, तर एका एकरात एक क्विंटल तांबे! पाऊस ते पानावरून धुऊन मातीत नेतो. माती ते वरच्या वीतभर थरात धरून ठेवते. हा हिशेब नमुन्याचा आहे; प्रत्येकाने आपल्या बागेचा आकडा त्यात घालून पाहावा. ताडून पाहण्यासाठी एवढेच सांगतो, की युरोपीय संघाने २०१९ पासून घातलेली मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला एकरी दीड किलोच्या आसपास आहे. ज्या बोर्दोने जगाला हे औषध दिले, त्याच बोर्दोच्या देशाला ते मापून वापरावे लागते आहे.

कोणी म्हणेल, की आपली काळी माती बसाल्टाची, तिच्यात मुळातच तांबे आहे. शिवाय ती चिकण आणि चुनखडीची, तांब्याला घट्ट धरून ठेवणारी. हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच वेल आज मरत नाही. पण माती हीही एक भांडेच आहे, आणि प्रत्येक भांड्याचा काठ ठरलेला असतो. वेलीची मुळे खोल जातात, तिला तेवढी झळ लागत नाही. वरच्या थरातील गांडुळे आणि मातीला जिवंत ठेवणारे सूक्ष्म जीव यांना मात्र ती प्रथम लागते. उद्या बाग मोडून त्याच जमिनीत दुसरे पीक घ्यायची वेळ आली, म्हणजे हिशेबाची वही उघडेल.

यात आम्ही बागाईतदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. ऐन हंगामात ढग दाटून आले आणि डावणी घुसली, की वर्षाचा घास आणि बँकेचा हप्ता एका रात्रीत जातो. त्याने काय हात जोडून बसावे? २०१० साली युरोपात आपली द्राक्षे एका वाढनियंत्रकाच्या अंशापायी अडली, तेव्हा त्याचे हाल जगाने पाहिले. त्या तडाख्यातून तो शिकला, मण्यामण्याचा अंश तपासू लागला. आमचा प्रश्न व्यवस्थेला आहे. परदेशी गिऱ्हाईक मणी तपासते म्हणून मण्याची चिंता. मातीची चिंता करणारे गिऱ्हाईक कोण? २०१५ साली शेतकऱ्यांच्या हाती मृदा आरोग्य पत्रिका आली, तीत तांब्याचा रकाना आहे. पण तो सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या यादीत. पिकाला तांबे पुरते की कमी पडते, हे पाहण्यासाठी. "अति झाले" असे सांगणारी ओळ तीत का असू नये? रोग्याचे वजन घटले तेवढेच लिहायचे आणि सूज आली ते लिहायचेच नाही, ही कोणत्या वैद्याची रीत?

आणि याच जागी तो बाटलीवाला येऊन उभा राहतो. "आमचे जीवाणू टाका, माती निर्मळ होईल." त्याला विचारावे : बाबा रे, तुझा जीवाणू तांबे मुळाशी बांधून ठेवणारा, की झाडात चढवणारा? कारण दोन्ही जातींचे आहेत. धातू मातीतून उपसायचा असेल, तर तो झाडात चढवणारा हवा. पण ते झाड अन्नाचे असता कामा नये, आणि ते कापून सुरक्षित जागी न्यायला हवे. अन्नाचे पीक घ्यायचे असेल, तर उलट धातू मुळाबाहेर रोखणारा हवा. एकाचे काम दुसऱ्यास सांगितले, तर मातीतले विष सरळ मेथीच्या जुडीत येईल. ज्या बाटलीवर हा भेद लिहिलेला नाही, ती औषधाची बाटली नसून लॉटरीचे तिकीट आहे. आणि बक्षीस लागले तर ते आपल्या ताटात लागणार.

बागेची ही कथा, तर नदीची काय सांगावी? सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. हजारो घरांच्या चुली त्यांवर पेटल्या, हे विसरून चालणार नाही. पण धातूला मुलामा चढवणारा धंदा म्हटला, की क्रोमियम, निकेल, जस्त यांचे पाणी आलेच. कायद्याने नदीत सोडायच्या पाण्यात विषारी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. नियम आहे, मंडळ आहे. मग नासर्डीच्या काठाने जाणाऱ्याला नाकाला पदर का लावावा लागतो? नासर्डीला आम्ही नंदिनी असे गोंडस नाव दिले. नाव पालटल्याने पाणी पालटत नाही. ती पुढे गोदावरीलाच मिळते, आणि गोदावरी खाली नांदूरमध्यमेश्वरला जाते, जेथील पाणथळीला रामसर क्षेत्राचा जागतिक मान मिळाला. दूरदेशीचे पक्षी तेथे पाहुणे म्हणून उतरतात. पाहुण्यांच्या पानात आपण काय वाढतो आहोत?

सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे बोट दाखवून कोणी सुटू पाहील. पण तेथेही राबतात ते जीवाणूच, आणि त्यांची हद्द आपण वर पाहिली. मैला ते खातील. धातू गाळात बसेल, नाहीतर पाण्याबरोबर पुढे जाईल. तोच गाळ खत म्हणून शेतात गेला तर? शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खतात कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅमहून आणि तांबे ३०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा दंडक आहे तो उगाच नव्हे. नदीवर माजणाऱ्या पाणवेलीचेही तेच. ती धातू शोषते हे खरे. पण उपसून काठावर टाकलेली पाणवेल कुजली, की शोषलेले सारे पहिल्या पावसात परत नदीत. याला शुद्धीकरण म्हणणे म्हणजे सावकाराचे कर्ज सावकाराकडूनच उसने घेऊन फेडण्यासारखे आहे.

"एवढा बाऊ कशाला?" असे ज्यांना वाटते, त्यांनी जपानातील तोयामा प्रांताची कहाणी ऐकावी. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. तिच्यातील कॅडमियम नदीत, नदीतून भातखाचरांत, भातातून माणसांच्या हाडांत गेले. हाडे इतकी ठिसूळ होत, की रोगी कण्हत "इताई, इताई" म्हणजे "दुखते, दुखते" म्हणत. त्या रोगाचे नावच तसे पडले. त्यात बहुतेक बळी वयस्क बायकांचे होते. १९६८ साली जपान सरकारने कारण मान्य केले. १९७९ साली खाचरांच्या मातीची दुरुस्ती सुरू झाली, ती २०१२ साली संपली. तेहतीस वर्षे! कोणत्याही जीवाणूने ती माती एका हंगामात धुऊन दिली नाही. विष ओतायला तोटीचा एक वेढा पुरतो. ते काढायला एक पिढी लागते.

आणखी एक गोष्ट आहे, जी डॉक्टरमंडळींनी तरी मनावर घ्यावी. धातू सहन करण्याची विद्या जीवाणूंच्या ज्या जनुकांत लिहिलेली असते, ती पुष्कळदा छोट्या सुट्या चकतीवर असतात, आणि एक जीवाणू ती चकती दुसऱ्याला देऊ शकतो. त्याच चकतीवर कित्येकदा प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याची विद्याही असते. म्हणजे धातूने कळकलेला गाळ ही नुसती घाण नव्हे; औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंची ती तालीमच आहे. उद्या लेकराच्या तापाला औषध लागू पडले नाही, तर त्या तालमीतला एखादा पठ्ठा आपल्या घरापर्यंत पोहोचलेला असेल. धातू सहन करणारा जीवाणू सापडला म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की तो जेथे माजतो तेथे बहुधा आपणच काही ओतलेले असते.

मग या अंतर्वासी जीवाणूंचा उपयोग नाहीच काय? आहे, आणि मोठा आहे. जेथे नवे विष येणे थांबले आहे, अशा पडीक, नासलेल्या जमिनीवर पुन्हा हिरवे आच्छादन आणायला, धातूची धूळ उडू न द्यायला, मुळांशी तो बांधून ठेवायला हे कामकरी फार मोलाचे आहेत. त्यावर संशोधन व्हावे, आपल्या विद्यापीठांनी आपल्याच रानातील झाडे धुंडाळावीत, त्यासाठी पैसा मिळावा. पण घरात नळ उघडा ठेवून मोरीला बोळा मारणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. आधी नळ बंद, मग पुसायचे फडके.

नाशिकचे सिंहस्थ दर बारा वर्षांनी येते. २०१५ चे झाले. २०२७ च्या पर्वण्यांसाठी घाट, रस्ते, मंडप यांच्या योजना झाल्या. गोदामाईच्या नावाने जयजयकार करताना नागरिकांनी चार साधे प्रश्न विचारावेत. कारखान्याच्या दाराशी सुटणाऱ्या पाण्यातील धातूचे आकडे गावाला वाचता येतील अशा फलकावर का लागू नयेत? शुद्धीकरण केंद्राचा गाळ धातूसाठी तपासल्याशिवाय शेतात का जावा? उपसलेली पाणवेल कोठे जाते? आणि द्राक्षबागेच्या मातीत किती तांबे साठले आहे, हे सरकारी खर्चाने दर काही वर्षांनी मोजून बागाईतदाराला का कळू नये? यांतील एकाही प्रश्नाला अलौकिक शास्त्र लागत नाही. लागते ती लाज आणि थोडी शिस्त.

कल्हईवाला दारात येई तेव्हा आजी त्याला आधी सगळी भांडी उलटी करून दाखवी, कोठे तांबे उघडे पडले आहे ते बोटाने सांगे, आणि काम झाल्यावर आत पाहून मगच पैसे देई. त्या बाईला कोणी फसवू शकत नसे. मातीला आणि नदीला कल्हई लावून देतो म्हणणारा बाटलीवाला, कंत्राटदार किंवा पुढारी आपल्या दारात आला, तर त्याच्याशी अगदी तसेच वागावे. आधी भांडे उलटे करून पाहावे. आणि आतले दिसल्याशिवाय एक पैही देऊ नये.